काहिलीत बसायची रीत

“चंद्रे, घरातलं बाईमाणूस पाण्याला भितं का, विचार जरा,” आबा म्हशीला म्हणाले.

मी चंद्रीच्या पलीकडच्या अंगाला बसून धार काढत होते. आबा गोठ्याच्या दारात उभे होते, नेहमीसारखे. पाठ माझ्याकडे आणि तोंड उकिरड्याकडे.

“भीत न्हाई म्हणावं,” मी चंद्रीच्या पोटाला सांगितलं. “पण पवायला येत न्हाई, तेबी सांग.”

“पवायचं न्हाई. नुसतं बसायचंय.”

“कशात बसायचंय म्हणावं?”

“काहिलीत. पल्याड जाऊन यायचंय.”

चंद्रीनं तेवढ्यात शेपटी फिरवली आणि ती माझ्या तोंडावर बसली. निम्मी धार भुईवर गेली.

नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. त्यांना वाटतं, आजी रचून सांगते. पण आमच्या घरची रीतच तशी होती. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही. ते आले की उठायचं, पाठमोरं व्हायचं, पदर नाकापर्यंत ओढायचा. चुकून त्यांनी काही विचारलंच, तर बसल्या जागी उत्तर देणारी सून म्हणजे माहेरचं नाव घालवणारी. हे सगळं ठीक, पण घर चालवायचं तर बोलल्यावाचून भागत नाही. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या वारल्या आणि ते काम चंद्रीकडे आलं. पंचक्रोशीत एवढं ऐकून घेणारी आणि त्यातलं काहीही बाहेर न सांगणारी म्हैस दुसरी नव्हती.

माणसांचा हिशेब मनातल्या मनात मांडायची मला सवय. आबांच्या नावावर जमेला बरंच होतं. पोटभर खायला, बिनगळतीचं छप्पर, उगाच आवाज चढवणं नाही. खर्चाच्या बाजूला एकच कलम होतं, पण ते जड होतं. माझे मालक, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, चैत्रात नदीपल्याड गेला होता. तिकडच्या लढणाऱ्या पोरांना चिठ्ठ्या नि औषधं पोचवायला. गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. मी रोज संध्याकाळी चंद्रीला विचारायची, “काही कळलं का म्हणावं?” आणि दारातून रोज एकच उत्तर यायचं, “येईल म्हणावं.” चरायला गेलेलं खोंड येईल म्हणावं, त्याच सुरात. मी मनातल्या वहीत लिहून टाकलं होतं, हा माणूस दगड आहे.

सन अठ्ठेचाळीसचा श्रावण चालू होता. आमच्या बाजूला स्वराज्य येऊन वर्ष झालं होतं. सीनेच्या पल्याड मात्र अजून निजामाचं राज्य होतं. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. पूर्वी त्या नदीला सरहद्द कुणी म्हणत नव्हतं. इकडची पोर तिकडं द्यायची, तिकडचा बैल इकडं आणायचा, बाजार दोन्हीकडचा. त्या वर्षी मात्र नदी खरोखर सरहद्द झाली. तिकडं झेंडा लावला म्हणून पोरं तुरुंगात गेली, पोरं सापडली नाहीत तर घरं पेटली, आणि अंगावरच्या कपड्यानिशी माणसं नदी ओलांडून आमच्याकडं यायला लागली. शाळा भरली, देवळाच्या ओवऱ्या भरल्या. मग आबांनी आमच्या गुऱ्हाळाचा सोपा उघडून दिला.

शहरातल्या भल्या माणसांनी पेट्या भरून मदत पाठवली. पहिल्या पेटीत निघाले लोकरीचे कोट, दुसरीत टोप्या. हरतऱ्हेच्या टोप्या! इकडं बायकांना दुसरं लुगडं नव्हतं. एकीचं वाळत घातलं की ती बिचारी गोधडीआड बसायची आणि दुसरी तिच्या पोराला सांभाळायची. टोप्या मात्र प्रत्येकीच्या वाट्याला दोन-दोन आल्या. त्यांतून ज्वारी मोजली, ताक गाळलं, एकीनं तर कोंबडीची पिलं निजवली. वाया काही गेलं नाही म्हणा, फक्त डोक्यावर कुणी घातली नाही.

तर त्या सकाळी येसू कोळी पाठीला बांधलेल्या वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीवर पोहत पल्याडहून आला होता, आणि बातमी बरी नव्हती.

“पल्याडच्या गावात महबूब पिंजारी हाय,” येसू गोठ्याबाहेर धापा टाकत सांगत होता. “त्याच्या माळ्यावर कापसात दोघं दडल्यात. दादाराव म्हणून म्हातारा, नि त्याची सून. ल्योक फरार हाय. ल्योक घावंना म्हणून शिपाई आता बापाला नि बायकोला धरणार, म्हंजी त्यो आपसूक हजर व्हईल. वरच्या आळीची झडती झालीया. दुपारपातुर पिंजारआळीत येत्यात बघा.”

“मग आणा भोपळ्यावर घालून,” आबा म्हणाले. “आजवर आणलीच की माणसं.”

“आबा, बाई भरल्या दिवसांची हाय. तिला पोटावर निजवून पाण्यातनं कशी वडू? काहीलच पायजे. नि संगं बाईमाणूस पायजे. मी परका बाप्या. तिला हात कोण लावणार, बसवणार कोण, धरणार कोण?”

म्हणून आबांनी चंद्रीला विचारलं होतं.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. कढई म्हटलं की तुम्हांला भजी आठवतील. ही आमची चार माणसं आत मांडी घालून बसतील एवढी होती. हंगामाआधी आबा तिची पूजा करायचे, आणि पावसाळ्यात ती पालथी पडून असायची. पूर आला की मात्र तिचीच नाव व्हायची.

“चंद्रे, नीट ऐक,” आबा उकिरड्याकडे बघत म्हणाले. “काहिलीला नावंसारखं टोक न्हाई, वल्हं न्हाई. ती भवऱ्यावाणी फिरती. तिच्यात बसायची रीत एकच. तोंडं आत करायची, गुडघ्याला गुडघा लावायचा, मदी एकमेकाचं हात घट धरायचं. बूड हलवायचं न्हाई. एक जण उठला की समदी बुडली. कळलं का म्हणावं?”

“कळलं म्हणावं,” मी म्हणाले. आणि मग विचारू नये ते विचारलं, “पल्याड कुणाला ह्यांची काही खबर असंल, तर विचारू का म्हणावं?”

आबांनी धोतर वर खोचलं.

“बाईला घिऊन यायचं,” ते म्हणाले. “दुसरं काई न्हाई.”

मी त्यांच्या खर्चात आणखी एक ओळ टाकली.

जाताना मी एकटीच होते. काहील हलकी पडून नाचू नये म्हणून मधोमध एक मोठा धोंडा ठेवला होता आणि मी त्याला मिठी मारून बसले होते. एका कडीला दोर बांधून येसू पोहत होता, दुसऱ्या कडीला त्याचा मेव्हणा म्हाळू. दोघांच्या पाठीला वाळके भोपळे. रसाला पहिली उकळी आली की तो कसा तांबूस फेस धरून वर येतो, तसं पाणी चढत होतं. एरवी ही उकळी काहिलीच्या आत असते. आज ती बाहेर होती आणि आत मी.

“वैनी, डोळं मिटू नका,” येसू ओरडला. “मिटलं की पोटात कालवतं.”

“मिटले न्हाईत, पाणी गेलंय!”

“मग मिटा!”

पल्याड बाभळींचं एक बेट पाण्यात शिरलं होतं. त्याच्या आडोशाला काहील लागली. तिथं महबूब पिंजारी गुडघाभर पाण्यात उभा होता, खांद्यावर पिंजायचं धनुष्य, दाढीत कापूस. गादीचा कापूस पोचवायच्या निमित्तानं दोघांना गाडीत कापसाखाली घालून त्यानं दिवसाढवळ्या वेशीबाहेर काढलं होतं.

“जल्दी करा, बाई,” तो म्हणाला. “शिपाई आमच्या आळीत शिरलेत. त्यांनी दार वाजवलं की मी घरात दिसायला पाहिजे.”

“महबूब, आमच्यापायी तुझं काय व्हईल?” त्याच्या मागून एक म्हातारा पुढे आला. काटकुळा, आणि काटकुळ्या अंगावर न पेलणारा भलाथोरला लाल पटका. हेच दादाराव.

“माझं काय व्हायचंय, चाचा? सुई घेऊन गादी शिवत बसतो. हातात सुई असली की माणूस लई गरीब दिसतो.” हसून तो वळला आणि बाभळीतून दिसेनासा झाला. गाडीच्या चाकांचा आवाज लांब गेला.

दादारावांच्या मागं, त्यांच्याकडे पाठ करून, पदर हनुवटीपर्यंत ओढून सून उभी होती. प्रयाग तिचं नाव. पदरातून फक्त पोट दिसत होतं. बाळंतपण उद्यावर आलेलं की परवावर, एवढाच काय तो प्रश्न होता.

“हिला न्या आधी,” दादाराव म्हणाले. “मी दुसऱ्या खेपंला येतो.”

“दुसरी खेप कसली, दादा?” येसू म्हणाला. “पाणी चढतंय. नि ऐका.”

आम्ही ऐकलं. गावाच्या अंगानं शिट्टी वाजत होती. कुत्री भुंकत होती.

“अहो पण सुनंच्या संगं, एका भांड्यात?” म्हातारा अगदी कळवळून म्हणाला. “गुडघ्याला गुडघा लावून? लोक काय म्हणतील?”

“लोक झडती घेत्यात तिकडं,” मी म्हणाले. “त्यांना सवड न्हाई काही म्हणायला. बसा.”

परक्या म्हाताऱ्याला मी असं बोलले आणि माझी मीच दचकले. आमच्या गोठ्यात कुणी ऐकलं असतं तर! पण दादाराव निमूट बसले. धोंडा काढून पाण्यात टाकला. मी प्रयागला दोन्ही बगलांत धरून आत घेतलं. आणि ती बसली ती नदीकडं तोंड करून, सासऱ्याकडं पाठ करून, सगळा भार काठावर टाकून. काहील तिच्या अंगाला चांगली वीतभर झुकली.

“तोंड आत कर, बाई,” मी तिच्या कानात म्हणाले.

“मामंजी हाईत.”

“मला दिसत्यात ते. तोंड आत कर, त्यांचे हात धर. असंच बसावं लागतं.”

“त्यांचं हात?” पदराच्या आतून जीव गेल्यासारखा आवाज आला. “अक्का, मी मरीन, पण त्यांचं हात धरायची न्हाई.”

“तू एकटी मरणार न्हाईस, आम्हांलापण नेशील.”

तिनं मान हलवली. मला तिचा राग यायला पाहिजे होता, पण यायला तयार नव्हता. काहिलीत आबा असते तर मीसुद्धा अशीच बसले असते, त्यातलं एक अक्षर खोटं नाही. येसू नि म्हाळूनं तोवर काहील पाण्यात ढकलली. भार सावरायला मी दादारावांना दुसऱ्या अंगाला सरकवलं आणि एका हातानं प्रयागचं मनगट धरून बसले. रीत मोडलेली ती काहील जेमतेम तोल धरून धारेला लागली.

निम्म्यात आलो तोवर सगळं निभावलं. मग दादारावांना काळजी वाटली. एवढंच त्यांचं चुकलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “बरं हाय न्हवं?”

सासरा बोलला. आणि प्रयाग उठली.

ती काही विचार करून उठली नाही. कुठलीच सून विचार करून उठत नाही, पायच उठतात. ती भर पुरात, काहिलीत, भरल्या पोटानं, सासऱ्याच्या मानाला उभी राहिली, आणि काठ खाली गेला, आणि नदी आत आली.

“बस!” मी तिला कासोट्याला धरून खाली ओढलं. ती आदळली. काहील उलट्या अंगाला कलली, तिकडूनही पाणी आत आलं, आणि मग ती गरगरा फिरायला लागली. येसूच्या हातातला दोर सुटला. आकाश, बाभळी, पाणी, लाल पटका, आकाश, बाभळी.

त्याच वेळी पल्याडच्या काठावर शिट्टी वाजली, अगदी जवळ. बाभळीच्या बेटातून दोन खाकी माणसं पाण्याशी आली. त्यातल्या एकानं बंदूक खांद्याला लावली. आवाज झाला, आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर पाणी फुटाण्यासारखं उडालं.

“आत तोंड करा वो वैनी!” म्हाळू रडवेल्या आवाजात ओरडत होता. “येका अंगाला झुकलीया! न्हाई धरवत!”

काहिलीत पोटरीभर पाणी होतं. मी एका हातानं उपसत होते, दुसऱ्या हातात प्रयाग. ती काठाला चिकटून बसली होती. मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. विनवलं, शिव्या दिल्या, पोटातल्या पोराची शपथ घातली. ती वळेना.

दादाराव तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी हात वर केले आणि तो भलाथोरला लाल पटका सोडायला सुरुवात केली. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. दोन वेढे सुटले, चार सुटले, आणि ते सगळं लाल कापड त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून पुढं ओढलं. कपाळ झाकलं, मिशा झाकल्या, हनुवटी झाकली, छातीपर्यंत खाली आणलं. पाटावर बसलेल्या नवरीसारखा तो म्हातारा काहिलीत पदर घेऊन बसला.

“प्रयागबाई,” आतून आवाज आला. सूनबाई नाही, प्रयागबाई. “आता हितं तुजा सासरा न्हाई. मला काई दिसत न्हाई. हितं दोन बायका हाईत, नि मी तिसरी. फीर.”

त्यांनी कापडाखालून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून.

दुसरी गोळी सुटली. ती काहिलीच्या काठाला लागली. घंटेसारखा आवाज झाला, आणि तो माझ्या दातांतून गेला.

प्रयाग फिरली. एकदम नाही; आधी एक गुडघा, मग पोट, मग दुसरा गुडघा. तिनं पदर जरासा वर केला, त्या लाल ढिगाकडं बघितलं, आणि ते हात धरले. मी त्या दोघांच्या हातांवर माझा हात दाबला. गुडघ्याला गुडघा लागला. आणि काहील, देवाशपथ सांगते, मोठा उसासा सोडल्यासारखी सपाट झाली. येसूनं पोहत येऊन दोर पकडला.

“घरात इस्तू तसाच ऱ्हायला का?” पटक्याआडून दादारावांनी विचारलं.

प्रयागचे ओठ हलले. तिनं माझ्याकडं बघितलं. तिथं म्हैस नव्हती, सासू नव्हती. निरोप सांगायला कुणीच नव्हतं.

“इजवला व्हता, मामंजी,” ती म्हणाली.

“नि दार?”

“कडी घातली.”

“कोंबड्या?”

“शेजारी दिल्या.”

“त्या तांबड्यालाबी?”

“त्यो हाताला लागला न्हाई. पळाला.”

“बरं केलं त्यानं,” पटका म्हणाला.

काठावरून आणखी एक बार झाला, तो लांब गेला. नदीनं आम्हांला खालच्या अंगाला नेलं होतं, बंदुकीच्या टप्प्याबाहेर. पण पटक्याआडची विचारपूस थांबली नाही. पेंड कुठं ठेवली. जात्याचा खुंटा बसवला होता का. बियाण्याची कणगी उघडी की लिंपलेली. लग्न होऊन आल्यापासून त्या दोघांत झालं नसेल तेवढं बोलणं त्या पाण्यावर झालं. त्यांचं अख्खं घर, जे आता त्यांचं राहिलं नव्हतं, ते दोघं एकेक वस्तू करून माझ्या पुढ्यात मांडत होते, आणि प्रत्येक उत्तरागणिक प्रयागची बोटं त्या म्हाताऱ्या हातांत आणखी रुतत होती.

आमच्या काठाला आबा छातीभर पाण्यात उभे होते. त्यांनी कडी धरली आणि काहील ओढून घेतली. मग त्यांचं लक्ष आत गेलं. दोन बायका, आणि मध्ये डोक्यावरून लाल पदर घेतलेलं तिसरं काहीतरी, ज्याला पांढऱ्या मिशा होत्या की नव्हत्या हे कळायला मार्ग नव्हता.

मी प्रयागला उतरवलं. दादाराव हलले नाहीत.

“सूनबाई उतरली का?” त्यांनी विचारलं.

“उतरली,” आबा म्हणाले.

“पदर घेतला का?”

आबांनी बघितलं नाही. त्यांनी मान वळवून नदीला विचारल्यासारखं केलं. मी म्हणाले, “घेतला.” तेव्हा कुठे दादारावांनी तोंडावरून पटका काढला, पण तोंड वर केलं नाही. वाकून पाण्यानं खळखळून धुतलं, आणि मगच उतरले.

प्रयाग काठावर निथळत, कुडकुडत उभी होती. नदीवर म्हैस नव्हती, म्हणून आबा काहिलीला म्हणाले, “घरात एखादं कोरडं लुगडं असंल तर द्यावं म्हणावं हिला.” मी माझं चौकड्याचं दिलं. माझ्याकडं दोनच होती. पण टोपी देण्यापेक्षा बरं.

दुपार कलल्यावर पाऊस थांबला. प्रयाग गुऱ्हाळाच्या आतल्या कोपऱ्यात झोपली होती. पुढच्या कट्ट्यावर आबा आणि दादाराव चहा पीत बसले होते. मी कुडाच्या मागं चुलीपाशी भाकरी थापत होते. कुडातून दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. कुड बांधणाऱ्यांनी बायकांवर केलेले हे मोठेच उपकार.

“पाव्हणं,” आबा म्हणत होते, “असली माया म्या बघितली न्हाई. सुनंची लाज राखायला भर पुरात, बंदुकीच्या म्होरं, तोंड झाकून बसला. मानलं तुमाला.”

बशीचा आवाज झाला. मग दादाराव हसले. हसण्यासारखंच काहीतरी होतं ते.

“लाज कसली, आबा? मी भ्यालो व्हतो.”

आबांनी कप खाली टेकवलेला ऐकू आला.

“दात वाजाय लागलं माझं. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. थांबंना. ल्योक कुठं हाय ठावं न्हाई, हाय का न्हाई त्येबी ठावं न्हाई. घर गेलं. आता ही पोरगी पाण्यात जाणार. तिनं फिरावं तर लागणार व्हतं. पण ती फिरली नि तिनं माझं तसलं तोंड बघितलं, तर? सासऱ्याला रडताना बघितल्यावर ती काय कड गाठणार व्हती? तिला वाटलं आस्तं, म्हाताऱ्यानंच सोडून दिलं, आता आपलं कोण? म्हणून झाकलं. मनात म्हणलं, रीत कामाला आली. लाजंचं नाव पुढं केलं की कुणी इचारत न्हाई.”

“आणि ती इचारपूस? कोंबड्यांची?” आबांनी विचारलं. “आमच्या सूनबा... आमच्या घरातनं कानावर आलं.”

“गप बसलो आस्तो तर हुंदका फुटला आस्ता,” दादाराव म्हणाले.

माझी भाकरी तव्यावर करपली. वास आला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी धारेला बसले. चंद्री, तिच्या पलीकडे मी, आणि थोड्या वेळानं दारात आबा. पाठ माझ्याकडे, तोंड उकिरड्याकडे. श्रावण चालू होता. उकिरड्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं. ते तिकडं कधीपासून आणि कशाला बघतात हे मी इतक्या महिन्यांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी रोजचा प्रश्न विचारला नाही. धारेचा आवाज तेवढा येत होता.

“चंद्रे,” आबा म्हणाले. आणि थांबले.

मग ते वळले. गोठ्यात आले, दाव्याच्या खुंटाजवळच्या दगडावर बसले, माझ्याकडं तोंड करून. डोक्यावरचा पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला. त्यांचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा समोरून बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ओठ आवरत नव्हते.

माझे पाय उठले. विचार करून नाही. दुधाची चरवी कलंडायला आली.

“बसून ऱ्हा, सूनबाई,” आबा म्हणाले. “उठू नको. काहील कलंडंल.”

मी बसले.

“त्याचं काईच कळलं न्हाई गं,” ते म्हणाले. “मलाबी झोप लागत न्हाई.”

चंद्रीनं मान वळवून एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.